पंपाच्या पट्ट्याचा हूक

खामगावला मावशीच्या दारात उतरले तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी होती, मेकॅनिकलचा डिप्लोमा होता आणि नागपूरला केलेल्या कॉम्प्युटर-ड्रॉइंगच्या कोर्साचा ताठा होता. पेटी आणि डिप्लोमा यांच्या मानानं ताठा जरा जास्तच झाला, असं मावशीचं मत. माझं मत आजही वेगळं आहे. अमडापूरच्या माळ्याची पोर मी. आमच्या घरात वांगी, मिरची, कोथिंबीर आणि थोडी कपाशी यांच्यापलीकडे कुणी कशाचा विचार केला नव्हता. अशा पोरीनं प्लॅस्टिकच्या कारखान्यात 'मी डिझाइन करते' म्हणून पाऊल टाकायचं तर ताठ्याशिवाय कसं चालेल? पुढं काय काय ऐकून घ्यावं लागलं ते पाहता थोडा आणखी असता तरी वाया गेला नसता.

मावशीचं घर म्हणजे दोन खोल्या, मागं पत्र्याखाली चूल आणि न्हाणी. सकाळी डोळे उघडायच्या आधी नाकात सरकीच्या तेलाचा वास शिरायचा, कारण ऑइल मिल गल्लीच्या टोकाशी होती. मग जिनिंगचा भोंगा, मग जलंबहून येणाऱ्या गाडीची शिट्टी आणि या सगळ्यांवर मावशीच्या भाकरी थापण्याचा आवाज. ती ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर करायची, काळसर, खरपूस, आणि वर ठेचा असा की पहिल्या घासाला कानातून वाफा निघाव्यात. ठेच्यावर कच्चं तेल ओतताना तिचा हात कधी आखडला नाही. मावसा कचेरीत कारकून होते. जेवताना ते फक्त 'हं' म्हणायचे, पण त्या एका 'हं'चे प्रकार इतके होते की मावशीला त्यातून मीठ कमी आहे की साहेब रागावला आहे ते बरोबर कळायचं. मला डबा बांधून देताना मावशी रोज एक भाकर जास्त घालायची. म्हणायची, "तिथं गडीमाणसाईत बसून खातं तू, कमी पडलं असं दिसाले नाही पाहिजे."

एकदा तिनं मला विचारलंच, "पण नेमकं करून काय राह्यली तू तिथं? दिवसभर टीव्हीपुढं बसून पगार कोन देते?"

मी तिच्या हातातली वाटी घेतली. सत्यनारायणाच्या जेवणाला ती भाताची मूद पाडायची. मी म्हटलं, "मावशी, ही वाटी वर रुंद अन् बुडाशी निमुळती हाये म्हणून मूद सुटते. उभ्या भिंतीच्या डब्यात भात दाबला अन् पालथा केला तं?"

"फसते तो. ठोकावं लागते, मंग अर्धा तुटून पडते."

"आमचं तेच हाये. गरम प्लॅस्टिक लोखंडाच्या साच्यात दाबून भरायचं, थंड झालं का काढायचं. ते फसू नये, तुटू नये, वाकडं होऊ नये म्हणून भिंतीले उतार किती, जाडी किती, कोपरा कसा, हे मी आधी कॉम्प्युटरवर काढते."

"म्हंजे वाट्या काढतं," मावशी म्हणाली आणि मावसा 'हं' म्हणाले. तो कौतुकाचा 'हं' होता, हे मला तेव्हाही कळलं.

कारखाना जलंब रस्त्याला होता. मालक मुरलीशेठ. पोट पुढं, आवाज मऊ आणि डोकं दिवसभर हिशेबात, पण माणूस वाईट नव्हता. चार मशिनी होत्या. एकेक मशीन ढप्पकन मिटायची, सुस्कारा टाकायची, उघडायची आणि खालच्या टबात माल टपटप पडायचा. गरम प्लॅस्टिकचा वास अंगाला चिकटायचा, तो केस धुतल्यावरही जात नसे. काचेच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता. तो आणायला लावणारा शेठचा मुलगा पुण्याला निघून गेला होता आणि तेव्हापासून त्या कॉम्प्युटरवर रुमाल घालून ठेवलेला होता. मी आले, रुमाल काढला आणि कामाला लागले. साच्याला तिथं सगळे 'डाय' म्हणत. डाय करणारे रफिकभाई. उंच, मेंदी लावलेली दाढी, आणि स्वतःच्या कामाबद्दल असा अभिमान की ऐकणाऱ्याला संकोच वाटावा. "खामगावपासून अकोल्यापर्यंत माह्यासारखी डाय कोणी काढून दाखवावी," असं ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे. प्रत्येक डायमध्ये एका कोपऱ्यात ते छोटीशी चांदणी कोरायचे. मालावर ती उमटायची. शेठनं कितीदा सांगितलं की कारखान्याचं नाव कोरा, पण चांदणी काही हटली नाही.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. आदल्या भादव्यात, मी अजून नागपूरलाच होते, बाबा कपाशीवर फवारणी करत होते. पाठीवर औषधाचा भरलेला पंप, डाव्या हातात त्याचा दांडा, उजव्या हातात नळी. पट्टा पंपाच्या बुडाशी ज्या प्लॅस्टिकच्या हूकात अडकतो तो हूक तुटला. पंप एका खांद्यावर फिरला, झाकण निघालं आणि सगळं औषध मानेपासून पाठीवर उतरलं. मायनं विहिरीच्या पाण्यानं त्यांना अंघोळ घातली, कुणाच्या तरी जीपमध्ये टाकलं आणि चिखलीच्या दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा त्यांना ओळख पटत नव्हती. तोंडातून लाळ, डोळे बारीक झालेले. मायच्या पदराच्या गाठीत हूकाचा तुटलेला तुकडा होता. का बांधून आणला होता, तिलाच ठाऊक नव्हतं. बाकावर बसून मी तो दिवसभर अंगठ्यानं चोळत राहिले. बाबा वाचले. पण त्यानंतर पंप गोठ्यात खुंटीला टांगला गेला तो गेलाच. मायनं बजावलं होतं, "तो पंप पुन्यांदा तुमच्या पाठीवर दिसला तं मी माहेरी जाऊन राहीन." आणि बाबांनाही तो उचलवत नव्हता. हात लावला की तळवे घामेजायचे. फवारायला माणूस लावायचे, तो एक ओळ फवारायचा आणि दोन सोडायचा. बाबा बांधावरून ओरडून सांगायचे, मग गप्प घरी येऊन बसायचे. पंचक्रोशीत ज्यांच्या फवारणीचं नाव होतं ते बाबा असे बसलेले पाहून माझा जीव तुटायचा.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास कारखान्यात सीझनचा माल सुरू झाला. मी चहा प्यायला बाहेर आले आणि तिसऱ्या मशिनीच्या टबात हात घातला, सहज, माल कसा आहे ते बघायला. पंपाच्या पट्ट्याचे हूक होते. एक हातात घेतला, अंगठा पाठीवरून फिरला आणि थांबला. चांदणी. इतके दिवस ती नुसती डोळ्यांनी पाहिली होती; दवाखान्याच्या बाकावर दिवसभर जी चोळली होती ती हीच. डोळे मिटून ओळखली असती.

माझ्या अंगाची लाही झाली. चहा तसाच ठेवला, हूक मुठीत धरला आणि शेठच्या खोलीत गेले.

"शेठजी, हा हूक आपला?"

"हाव, आपलाच. काऊन?"

"मागच्या भादव्यात हा माह्या बापाच्या पाठीवर तुटला."

शेठनं कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "हायेत ना ते?"

"हायेत म्हणून मी इथं उभी राहून बोलून राह्यली. नसते तं मी कशी आली असती ते तुम्हीच समजून घ्या."

माझी नोकरी नवी होती. त्या क्षणी तिचा विचारही मनात आला नाही. शेठनं रफिकभाईंना बोलावलं. रफिकभाई आले, त्यांनी ऐकलं, आणि आधी त्यांचा चेहरा उतरला, मग चढला. "अरे पण दरसाल जाड करतो ना बाप्पा! तुटते अशी तक्रार आली का मी डाय अजून खोल करतो. पयले हा किती नाजूक होता. यंदाचा पाह्य, हातात घेऊन पाह्य बेटी. दगड हाये दगड!"

खरंच दगड होता. जड, गुबगुबीत, हातात भरणारा. आणि तिथंच मला सगळं लख्ख दिसलं. डायमधलं लोखंड कोरून काढता येतं, पुन्हा घालता येत नाही. त्यामुळे तक्रार आली की या लोकांना एकच इलाज सोपा होता, कोरायचं. डाय खोल झाली की माल जाड होतो, आणि जाड माल हातात घेतला की आपल्याकडच्या माणसाला तो मजबूत वाटतो. दुकानदारही तळहातावर तोलून बघायचा आणि मान डोलवायचा. दरवर्षी हूक जाड होत होता आणि दरवर्षी जास्त तुटत होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, हे कुणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

"हॅकसॉ द्या," मी म्हटलं.

हूक शिकंज्यात धरला आणि वाकणाजवळ उभा कापला. दोन फाकी झाल्या. मधोमध पोकळी होती, तूरडाळीचा दाणा बसेल एवढी. बाहेरून चकचकीत आणि आत पोखरलेलं वांगं घरी रोज निवडायचो, तसंच अगदी. मी समजावून सांगितलं की जाड मालाची बाहेरची कातडी आधी थंड होऊन घट्ट होते, आतलं प्लॅस्टिक मागाहून थंड होतं, आकसतं, आणि त्याला जायला जागा नसते म्हणून मध्ये फाटतं. जितकं जाड कराल तितकं भोक मोठं. रफिकभाईंनी फाक उजेडात धरली, भोकात फुंकर मारली. "एखादा निघते असा," ते म्हणाले.

मी टबातून दुसरा घेतला, कापला. भोक. तिसरा, भोक. हात दुखेपर्यंत कापत राहिले. मशीनवरचे गडी भोवती जमले. शेवटी शेठच म्हणाले, "बस कर व माय, समजलं."

समजलं म्हणजे झालं असं नव्हे. पातळ हूक हवा तर जुनी डाय निकामी, नवी करायला लोखंडाचा नवा ठोकळा हवा. ठोकळा एकच होता आणि तो पाइपच्या जोडाच्या डायसाठी राखून ठेवलेला. वर पंपाचा सीझन डोक्यावर आलेला. शेठनी दोन दिवस निर्णय टाळला. मी रोज सकाळी कापलेली एक फाक त्यांच्या टेबलावर ठेवत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी फाका ड्रॉवरमध्ये सारल्या आणि म्हणाले, "घे तो ठोकळा. पण पोरी, यंदा हूक तुटला तं तुलेही काही सांगायची जागा राहनार नाही अन् मलेही नाही."

मग मी बसले कॉम्प्युटरपुढं. आमचं ते यंत्र असं संथ की हूक एकदा फिरवायला सांगावा आणि पाणी पिऊन यावं. पण पडद्यावर तो आकार हळूहळू उभा राहू लागला, आणि मी माऊसनं त्याला पालथा केला, उताणा केला, पोटातून कापून पाहिला, तेव्हा जो आनंद झाला तो सांगता येत नाही. अजून जगात नसलेली वस्तू आपण हातात घेऊन फिरवतो आहोत! भिंत सगळीकडे एकसारखी पातळ ठेवली. मजबुतीसाठी पाठीमागं बारीक फासळ्या उभ्या केल्या आणि त्या भिंतीपेक्षाही पातळ ठेवल्या, नाहीतर त्यांच्या बुडाशी पुन्हा तोच खड्डा. वाकणाच्या आतला कोपरा गोल केला. थंड होताना प्लॅस्टिक जितकं आकसतं तितकी मापं वाढवली. आज माझ्या ऑफिसातली पोरं एक बटण दाबतात आणि प्लॅस्टिक कुठून कसं भरेल, कुठं खड्डा पडेल, हे लाल-निळ्या रंगांत समोर येतं. मला त्यांचा हेवा वाटत नाही. रंग बघून ती निर्धास्त होतात. मला त्या दिवसांत कुठलीही भिंत डोळे मिटून बोटांना कळत होती, आणि ती सवय अजून गेलेली नाही. परवाच एका पोराला म्हटलं, "पडदा हिरवा दिसला म्हणून टाळ्या वाजवू नको, त्या फासळीची जाडी बघ." त्यानं पाहिली. गुपचूप बदलली.

रफिकभाईंशी माझं खरं भांडण झालं ते आतल्या कोपऱ्यावरून. त्यांना कोपरा धारदार लागायचा. त्यातच त्यांची कारागिरी दिसायची. "गोल कोपरा म्हंजे शिकाऊ पोराचं काम," ते म्हणाले. "लोक म्हनतीन रफिकचा हात थकला."

"रफिकभाई, साडी फाटते कुठून? जिथं कातर लागली तिथून. धारदार कोपरा म्हंजे लागलेली कातर. पट्ट्याचा सगळा ओढा तिथंच येते."

"तू मले साडी शिकवून राह्यली काय व?"

"तुम्ही शिकत नसान तं मी शेठजीले सांगते, डाय अकोल्याहून करून आणा."

हे ऐकून ते असे भडकले की पाना फेकून बाहेर गेले. पान खाऊन परत आले, ड्रॉइंग उचललं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "किती गोल?" पुढं त्यांनी स्वतःहून एक गोष्ट बदलली. प्लॅस्टिक आत शिरायचं तोंड मी वाकणाच्या बाजूला दिलं होतं, ते त्यांनी दुसऱ्या टोकाला नेलं. तिथून भरलं तर वाकणात प्लॅस्टिकच्या दोन धारा भेटून कच्चा जोड येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी विचार केला, पडद्यावर पुन्हा काढून पाहिलं, आणि मान्य केलं. मान्य केल्यावर त्यांनी ते सगळ्या कारखान्याला तीनदा ऐकवलं. ऐकवोत बापडे.

पहिला माल काढला तो फसला. मूद सुटेना. मशीन उघडली की हूक डायमध्येच. रफिकभाईंच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं, पण त्यांनीच पुन्हा डाय उतरवली, फासळ्यांच्या भिंतींना निघायच्या दिशेनं पॉलिश मारलं आणि पुन्हा चढवली. ढप्प, सुस्कारा, आणि हूक टबात टपकन पडला. हलका, नीट, पाठीवर फासळ्या. चांदणीही होती. तेवढं मी त्यांना सोडलं होतं. थंड झाल्यावर कापला. आत भरीव, एकजीव, टाचणीचं टोक जाईल एवढीही फट नाही. मी तिथं सगळ्यांसमोर रडले. रडू आवरायचं कारणही दिसलं नाही. मग आढ्याला एक हूक अडकवून त्याला फळी टांगली आणि रफिकभाई त्यावर बसले. गड्यांनी त्यांना झोके दिले. ते वरून ओरडत होते, "अरे आराम से, हूक तपासा, मले नाही!" हूक जागचा हलला नाही. जुना हूक लावून शेठनी स्वतःच बसायची तयारी दाखवली तेव्हा गड्यांनी त्यांना दोन्ही दंडांना धरून मागं ओढलं.

आणि मग आले मोताळ्याचे भास्करराव. कृषी केंद्राचे मालक, सीझनचा अर्धा माल तेच उचलायचे. त्यांनी नवा हूक तळहातावर घेतला, वर-खाली केला आणि हसले. "हे काय शेठ, पापड? माह्या बाजारात माणूस वस्तू हातात तोलून घेते. हा हातात घेतला का खाली ठेवीन. मले मागच्यासारखा जाडच द्या." मी फाका दाखवल्या, भोक दाखवलं. ते म्हणाले, "बाई, तुमचं खरं असन. पण मी गिऱ्हाइकाले काय करवत घेऊन कापून दाखवू?"

शेठ विचारात पडले. हातात ऑर्डर होती आणि समोर जुनं गिऱ्हाईक. मग ते बोलले, आणि तेही मऊ आवाजातच, "मंग असं करू. दोन्ही डाय चालू ठेवू. ज्याले जाड पाह्यजे त्याले जाड, ज्याले पातळ पाह्यजे त्याले पातळ."

"शेठजी," मी म्हटलं, "जाड हूक कोनाच्या पाठीवर तुटनार ते निवडाले गिऱ्हाईक नाही लागत. तुम्हाले ठाऊक हाये, मले ठाऊक हाये, अन् तरी तुम्ही तो काढान? काढा. मी उद्यापासून येत नाही. पण जाता जाता गावोगावच्या बाजारात बसून सांगीन का हा कोनाचा हूक हाये." मालकाशी असं बोलायची त्या गावात पद्धत नव्हती, आणि एका पोरीनं तर नाहीच. माझा आवाज कापला नाही, त्याचा मला आजही अभिमान आहे.

रफिकभाई दारात उभे होते. ते वळले आणि आत गेले. थोड्या वेळानं छिन्नी-हातोड्याचा आवाज आला, लोखंडावर लोखंड, ठण्, ठण्. आम्ही सगळे धावलो. जुनी डाय त्यांनी टेबलावर उघडी ठेवली होती आणि हूकाच्या खाचेवर आरपार छिन्नी मारत होते, चांदणीसकट. "रफिक, काय करून राह्यला बे!" शेठ ओरडले.

रफिकभाईंनी छिन्नी ठेवली. दाढीला लोखंडाचा भुगा लागला होता. "मालक," ते म्हणाले, "दरसाल मीच कोरली ही. म्हनलं लोकाईचं भलं करून राह्यलो. या पोरीच्या बापाले मी पाडलं. आता ही डाय कोनीच चालवनार नाही. मले काढायचं असन तं काढा."

कुणी कुणाला काढलं नाही. भास्कररावांनी त्या चिरलेल्या खाचेत बोट फिरवलं. कपाशी त्यांचीही होती आणि पंप त्यांच्याही घरी होता. शेवटी त्यांनी तो पापड खिशात घातला. म्हणाले, "करवत दुकानात ठेवतो मंग. ज्याले पटनार नाही त्याले कापून दाखवीन." आणि त्यांनी ते खरोखर केलं. मोताळ्याच्या बाजारात कित्येकांनी त्या करवतीची गंमत मला नंतर सांगितली.

पोळ्याच्या आधी मी चार दिवसांची सुट्टी काढून अमडापूरला गेले. पिशवीत दोन हूक होते. गोठ्यातला पंप काढला, धुतला, पट्टे नवे लावले आणि हूक बसवले. माय चुलीपाशी बसून सगळं बघत होती आणि भाकर अशी थापत होती की परातीला खड्डा पडेल. रात्री जेवताना मी बाबांना सगळी हकीकत सांगितली, भोक, फासळ्या, रफिकभाईंचे झोके. त्यांनी हूक हातात घेतला, तोलला. भास्कररावांसारखंच हसतील असं वाटलं. त्यांनी फासळ्यांवरून नख फिरवलं, कंदिलापाशी नेला आणि विचारलं, "हे तू काढलं?"

"हाव."

"हलका हाये," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

सकाळी कपाशीवर बोंडअळी दिसत होती आणि फवारणाऱ्या माणसाचा पत्ता नव्हता. बाबांनी नाकाला उपरणं बांधलं, औषध मोजलं, पंप भरला. झाकण दोनदा आवळून पाहिलं. माय बांधावर येऊन उभी राहिली, कमरेवर हात. आमच्या भागात पंपाच्या हूकावर कुणाचाच भरवसा नव्हता. प्रत्येक जण पट्टा हूकात अडकवून वरून सुतळीनं पंपाला पक्का बांधत असे. मायनं सुतळीचा गुंडा पुढं केला. "बांधा," ती म्हणाली. "नाहीतं पाऊल टाकू नका."

बाबांनी सुतळी घेतली आणि बांधली. मी बघत होते. सांगते, मला फार लागलं. इतकी भांडले, कॉम्प्युटरपुढं डोळे फोडले, एका माणसानं माझ्या शब्दावर स्वतःची डाय चिरली, आणि शेवटी माझ्याच बापानं सुतळी बांधली. त्यांची चूक नव्हती, जो जळला त्यालाच चटका ठाऊक. त्यांनी बांधावरून पंप पाठीवर घेतला, खांदे हलवून बसवला आणि मला हाक मारली, "वंदू, मांगून पट्टा सरळ कर व जरा."

मी मागं गेले. पट्ट्याला पीळ नव्हता. तो ताणून सरळ हूकात बसला होता, हूकाच्या वाकणावर सगळं वजन आलेलं. आणि त्याच्या शेजारी सुतळीचं वेटोळं लोंबत होतं. मी आत बोट घातलं, मग दोन बोटं. चारही गेली असती. सुतळीवर गुंजभर भार नव्हता.

"बाबा," मी म्हटलं, "सुतळी तं पार ढिली हाये."

"हळू बोल," बाबा म्हणाले. "तुही माय पाहून राह्यली."

आणि पंपाचा दांडा हलवत ते कपाशीत शिरले.